यादीत नसलेला पाइप : अणुवीज केंद्रांतले बिघाड आणि तपासणी

तपासनीस_वाळूज

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीत एनडीटीचं काम करतो. लोखंड न कापता, न फोडता त्याच्या आत काय चाललंय ते बघायचं, हा माझा धंदा. वेल्डिंगचे जोड, प्रेशर व्हेसल, बॉयलरच्या ट्यूबा, केमिकल कंपन्यांच्या लाइनी. जैतापूरच्या नियोजित अणुवीज केंद्राच्या धाग्यावर जो वाद झाला तो सगळा वाचला. दोन्हीकडून चेर्नोबिल आणि फुकुशिमा ही दोनच नावं येत राहिली. माझ्या डोक्यात मात्र तिसरंच नाव घोळत होतं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

जपानमध्ये फुकुई प्रांतात मिहामा नावाचं अणुवीज केंद्र आहे. ९ ऑगस्ट २००४ ला तिथल्या तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन हॉलमध्ये पाण्याचा पाइप फुटला. अणुभट्टीतला नव्हे, टर्बाइनकडच्या दुसऱ्या फेऱ्यातला. त्या पाण्यात किरणोत्सार नव्हता, पण ते १४० अंशांचं होतं आणि दाबाखाली होतं. बाहेर पडल्याबरोबर त्याची वाफ झाली. पाच कामगार भाजून गेले, सहा जखमी झाले. पाइप कार्बन स्टीलचा. बसवला तेव्हा १० मिलिमीटर जाड होता, फुटला त्या जागी दीड मिलिमीटरसुद्धा उरला नव्हता. आणि १९७६ ला केंद्र सुरू झालं तेव्हापासून त्या जागेची जाडी एकदाही मोजलेली नव्हती. जाडी मोजायच्या जागांची जी यादी होती, तिच्यात ती जागा घालायचीच राहून गेली होती.

पुढचं जास्त लागतं मनाला. आदल्या वर्षीच तपासणीच्या ठेकेदार कंपनीच्या ध्यानात आलं होतं की ही जागा सुटलीये. मग ती पुढच्या शटडाउनच्या, म्हणजे केंद्र थांबवून करायच्या तपासणी-दुरुस्तीच्या, कामात टाकली. तो शटडाउन १४ ऑगस्टला सुरू होणार होता. गेलेले कामगार त्याच शटडाउनच्या तयारीसाठी हॉलमध्ये आले होते.

असं का झिजतं ते सांगतो. कार्बन स्टीलच्या आतल्या अंगावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, तोच लोखंडाला सांभाळतो. गरम, शुद्ध, ऑक्सिजन काढून टाकलेलं पाणी वेगानं वाहत असलं की तो थर सारखा विरघळत राहतो. सरळ पाइपात हे हळू चालतं. पण बाक आला, टी म्हणजे फाटा आला, किंवा प्रवाह मोजायला बसवलेली ऑरिफिस प्लेट, म्हणजे भोकाची चकती आली, की तिच्या पुढच्या अंगाला पाणी भोवरे घेतं आणि तिथंच झीज होते. मिहामाचा पाइप ऑरिफिसच्या पुढंच फुटला. हे जगाला नवीन होतं असंही नाही. अमेरिकेतल्या सरी केंद्रात १९८६ च्या डिसेंबरात अशाच झिजेनं बाक फुटला होता आणि चार जण गेले होते. त्यानंतर जगभर याद्या बनल्या. मिहामातही बनली. एक जागा सोडून.

जाडी मोजणं हे काही अवघड काम नाही. पाइपावरचं इन्सुलेशन काढायचं, रंग खरडायचा, जेल लावायचं, आवाजाच्या लहरी सोडणारा प्रोब टेकवायचा. आकडा लगेच दिसतो. एका बाजूनं ९.८, ९.७, ९.८ असं वाचत जावं आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाला प्रोब नेला की एकदम ६.१ यावं. असं झालं की मी परत पुसतो, परत जेल लावतो, परत बघतो. तोच आकडा आला की खडूनं गोल करतो आणि इंजिनिअरला हाक मारतो.

मला या धाग्यावर दोनच गोष्टींवर बोलायचंय. तपासायच्या यादीत काय घालायचं हे कोण ठरवतं, आणि तपासणीची तारीख पुढं ढकलायचा अधिकार कुणाकडं असतो. लोखंड झिजणारच. या दोन गोष्टी मात्र माणसाच्या हातातल्या आहेत. तुमचं काय म्हणणं?

गोदाकाठ_नांदेड

तपासनीस सर, माहिती चांगली आहे, पण लोकांच्या मनात भीती बसेल असं वाटतं. मी अणुऊर्जेच्या बाजूचा माणूस आहे आणि ते उघडपणे सांगतो. मिहामात गेलेली माणसं वाफेनं गेली. तशी वाफ औष्णिक केंद्रात असते, साखर कारखान्यातही असते. मराठवाड्यानं कोळशाच्या विजेचा जाच पुरेसा बघितलाय. २०१५ ला पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. पाण्यावाचून केंद्र बंद, आणि केंद्र चालू असलं की राख.

आपल्या देशातल्या कैगाच्या पहिल्या युनिटनं मे २०१६ ते डिसेंबर २०१८ असं सलग ९६२ दिवस न थांबता वीज दिली. त्या वेळी तो जागतिक विक्रम होता. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची आहेत. ज्यांनी ती उभारली आणि चालवली त्यांच्या कष्टाबद्दलही कुणीतरी लिहायला हवं.

बॉयलरवाले_मामा

गोदाकाठ, तुम्ही म्हणायलात ते खोटं नाही. कष्ट तर आहेतच. त्याच कष्टाची गोष्ट सांगतो.

माझी हयात औष्णिक केंद्रांवर आणि साखर कारखान्यांवर ठेकेदाराकडं गेली. टर्बाइनची पाती मी हातात धरून बघितलेली आहेत. एलपी, म्हणजे कमी दाबाच्या टर्बाइनच्या शेवटच्या रांगेतलं पातं सगळ्यात लांब. मिनिटाला ३००० फेरे. मुळाशी केसाएवढी चीर पडली की ती वाढत जाते. थकवा म्हणतात त्याला, धातूचा थकवा.

उत्तर प्रदेशात नरोऱ्याला ३१ मार्च १९९३ ला पहाटे साडेतीनच्या सुमाराला अशीच दोन पाती तुटली. फिरणाऱ्या रोटरचा तोल गेला, सगळं थरथरलं, जनरेटरची सीलं गेली. जनरेटर गार ठेवायला आत हायड्रोजन भरलेला असतो. तो बाहेर आला आणि पेटला. तेल पेटलं. आग केबलींवाटे आत शिरली. मुख्य वीजपुरवठ्याच्या केबली आणि राखीव पुरवठ्याच्या केबली जवळजवळ टाकलेल्या होत्या, दोन्ही जळाल्या. डिझेल जनरेटर होते, पण त्यांची वीज न्यायला केबलच नाही. १७ तास पूर्ण अंधार. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, ती सोडावी लागली.

भट्टी ऑपरेटरनं एका मिनिटाच्या आत बंद केली होती. पण बंद केलेली भट्टीसुद्धा गरम राहते, तिला पाणी लागतंच. तर काही जण टॉर्च घेऊन अंधारात वर चढले आणि बोरॉनचं पाणी हातानं व्हॉल्व्ह उघडून सोडलं, भट्टी परत पेट घेऊ नये म्हणून. बाकीच्यांनी आग विझवायचे डिझेलचे पंप चालू करून आगीसाठीचंच पाणी स्टीम जनरेटरला दिलं. किरणोत्सार बाहेर गेला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीच्या सात पायऱ्यांपैकी तिसरी पायरी नोंदली गेली. त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि त्यांच्यावर ती वेळ यायला नको होती असंही वाटतं. पात्यांची रचना नंतर बदलली, केबली वेगळ्या केल्या. पातं तुटायच्या आधी चीर होतीच ना?

साईप्रसाद_उदगीर

मामा, अंगावर काटा आला वाचून. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला फटीग शिकवलं, पण एस-एन कर्व्हच्या (ताण आणि आवर्तनांच्या आलेखाच्या) पुढं कुणी गेलं नाही.

तपासनीस सर, दोन प्रश्न. टर्बाइन ठीक आहे, उघडून बघता येतं. पण भट्टीच्या गाभ्यात माणूस जाऊच शकत नाही, मग तिथली जाडी कशी मोजतात? आणि ९६२ दिवस थांबलंच नाही तर तपासणी केली कधी?

तपासनीस_वाळूज

साईप्रसाद, चांगले प्रश्न आहेत. दुसरा आधी घेतो. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांना इंधन बदलायला बंद करावं लागत नाही, चालू असतानाच एका टोकातून नवं घालतात आणि दुसऱ्या टोकातून जुनं काढतात. म्हणून त्या इतकं लांब चालू शकतात. सुरक्षेच्या यंत्रणांना तीन-तीन समांतर वाटा असतात आणि तीनपैकी दोघींनी 'बंद कर' म्हटलं की भट्टी बंद होते. त्यामुळं चालू भट्टीतही एकेक वाट बाजूला काढून तपासता येते. डिझेल जनरेटरही ठरल्या वेळी चालवून बघतात. पण नळ्यांच्या आत बघायचं तर भट्टी थांबवावीच लागते. म्हणून गोदाकाठ सरांना एक नम्रपणे सांगतो: सलग किती दिवस चाललं यावरून मी केंद्राची पारख करणार नाही. थांबल्यावर काय काय बघितलं ते मी विचारेन.

आता पहिला प्रश्न. २२० मेगावॉटच्या आपल्या भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. झिर्कोनियम आणि नायोबियमच्या मिश्रधातूच्या. इंधन त्यांच्या आत आणि तीनशे अंशांच्या जवळपास तापलेलं जड पाणी त्यांच्यातून वाहतं. प्रत्येक नळीभोवती दुसरी थंड नळी, आणि दोघींच्या मध्ये कार्बन डायऑक्साइड वायू. मधे स्प्रिंगची कडी असते, दोन नळ्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून. ही कडी जागेवरून सरकली आणि गरम नळी झोळ पडून थंड नळीला टेकली, की टेकल्या जागी धातूतला हायड्रोजन गोळा होतो, फोड येतो आणि तिथून चीर जाते. कॅनडात पिकरिंगच्या दुसऱ्या युनिटमध्ये १ ऑगस्ट १९८३ ला एक नळी अशीच साधारण दोन मीटर उभी फाटली.

हे बघायला आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'बार्सिस' नावाची यंत्रणा बनवली. दुरून चालवायचं डोकं नळीत सरकवतात. त्यात अल्ट्रासॉनिक प्रोब असतात आणि एडी करंटची कॉइल असते. जाडी, चीर आणि कडी कुठं आहे, हे तिन्ही कळतं. माझ्या हातातला प्रोब आणि तो प्रोब तत्त्वानं एकच. फक्त तिथं माणूस जवळ उभा राहू शकत नाही.

आणि तरीही काक्रापार झालं. ११ मार्च २०१६, गुजरातमध्ये, पहिलं युनिट. एका नळीतून जड पाणी गळायला लागलं. भट्टी आपोआप बंद झाली, थंड ठेवायच्या यंत्रणा चालल्या, बाहेर कुणाला इजा नाही. तिथवर सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. पण नळ्या बाहेर काढून बघितल्या तर बाहेरच्या अंगाला, त्या कार्बन डायऑक्साइडच्या बाजूला, गंजाचे ठिपके. गळती आधी कळावी म्हणून ज्या वायूत ओलावा मोजत राहतात, गंज त्याच वायूच्या बाजूला. तिथून गंज येईल असं कुणी धरलंच नव्हतं. दुसऱ्या युनिटलाही त्याच्या आदल्या वर्षी गळती झाली होती. पुढं दोन्ही युनिटांच्या सगळ्या नळ्या बदलल्या आणि मग ती परत सुरू झाली. म्हणजे यादी एकदा करून कपाटात ठेवायची गोष्ट नाही. 'इथं काही होत नसतं' अशी जी जागा वाटते तिथंही अधूनमधून प्रोब लावून बघावा लागतो.

मोंढा_परभणी

वाचतोय. सविस्तर लिहा, थांबू नका. पहिल्यांदा या विषयावर मराठीत काहीतरी कळेल असं वाचायला मिळतंय.

जालन्याची_सळई

मी जालन्यात रोलिंग मिलमध्ये क्वालिटीला आहे. सळई आणि अणुभट्टीचा काही संबंध नाही हे कबूल, पण एका गोष्टीचा आहे. कागदाचा.

प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या खेपेचा, नंबर असतो. त्या हीटचं केमिस्ट्री, ताण चाचणी, सगळं मिल टेस्ट सर्टिफिकेटवर येतं. माल गेला की पुढच्या माणसाच्या हातात लोखंड आणि तो कागद. लोखंड सगळं सारखंच दिसतं. विश्वास कागदावर.

दक्षिण कोरियात २०१२ आणि २०१३ ला हेच उघडं पडलं. अणुवीज केंद्रांना दिलेल्या सुट्या भागांची गुणवत्ता प्रमाणपत्रं बनावट निघाली. २०१३ ला तर सुरक्षा यंत्रणेच्या कंट्रोल केबलींचे चाचणी अहवालच फिरवलेले सापडले. अपघात झाला की जी केबल भट्टीला 'बंद हो' सांगणार, तीच चाचणीत नापास झालेली. शिन कोरी आणि शिन वोल्सोंगच्या भट्ट्या थांबवून केबली बदलाव्या लागल्या. ऐन उन्हाळ्यात देशात विजेची ओढाताण झाली. लोकांना तुरुंगात जावं लागलं.

फ्रान्समध्येही २०१५ ला फ्लामांव्हिलच्या नव्या भट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळात कार्बन ठरल्यापेक्षा जास्त निघाला. जैतापूरला ज्या जातीच्या भट्ट्या आणायचं ठरलं होतं, त्याच जातीची ही. पोलादाचा मोठा ठोकळा ओतताना कार्बन एका जागी गोळा होतो, त्यानं पोलाद ठिसूळ होतं. मग ते भाग घडवणाऱ्या फोर्जच्या, म्हणजे पोलाद ठोकून घडवायच्या कारखान्याच्या, जुन्या फायली उघडल्या तर कित्येक फायलींत गडबड. सर, तुम्ही जाडी मोजता, पण मुळातलं पोलाद कागदावर लिहिलेलंच आहे का, हे तुमचा प्रोब सांगत नाही.

तपासनीस_वाळूज

नाही सांगत. तुमचं शंभर टक्के बरोबर. त्याला पीएमआय लागतं, म्हणजे हातातल्या बंदुकीसारख्या यंत्रानं मिश्रधातू ओळखणं. त्यातही कार्बन साध्या यंत्रावर दिसत नाही. पोलादाच्या माणसांनी कागद खरा ठेवला तरच आमचं काम उभं राहतं. हा मुद्दा तुम्ही आणलात म्हणून आभार.

शाळा_औसा

मी विज्ञान शिकवते. एरवी वाचक असते, आज राहवलं नाही. मामांनी १९९३ म्हटलं. आमच्यासाठी ते वर्ष सप्टेंबरचं. ३० सप्टेंबरची पहाट, किल्लारी, सास्तूर. गणपती बोळवून लोक झोपले होते. त्या पहाटेपर्यंत नकाशावर आमचा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसं गेली, आणि नंतर २००२ च्या नकाशात आम्ही तिसऱ्या पट्ट्यात आलो. नकाशा बदलला, पण माणसं गेल्यावर.

हिंगोलीकडं २०२४ च्या मार्चात आणि परत जुलैत साडेचारच्या आसपासचे धक्के बसले. पांगरा शिंदेच्या लोकांना जमिनीतून आवाज येतात. म्हणून माझा प्रश्न असा: ज्या जागी काही होणार नाही असं कागदावर लिहिलंय, तिथं बांधलेल्या केंद्राची भूकंपासाठी परत तपासणी होते का? की एकदा नकाशा बघितला आणि झालं?

गोदाकाठ_नांदेड

बाई, होते. अणुकेंद्राचा भूकंप साध्या इमारतीसारखा नकाशावरून धरत नाहीत. त्या जागेच्या भोवतालचे भ्रंश, जुने भूकंप, जमीन यांचा वेगळा अभ्यास करून दोन पातळ्या ठरवतात. पहिल्या पातळीपर्यंत हादरा बसला तर केंद्र चालू राहायला हवं, दुसऱ्या मोठ्या पातळीला निदान भट्टी सुखरूप बंद होऊन थंड राहायला हवी. आपल्याकडं परवाना पाच वर्षांसाठी असतो आणि दर दहा वर्षांनी सगळ्या सुरक्षेचा नव्यानं आढावा घ्यावा लागतो.

जपानचं काशिवाझाकी-कारिवा बघा. सात भट्ट्या. १६ जुलै २००७ ला ज्या हादऱ्यासाठी बांधलं होतं त्याहून मोठा हादरा बसला. चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, मुख्य भाग टिकले. माझं म्हणणं याच्यावरच आहे, की नीट बांधलेलं टिकतं.

तपासनीस_वाळूज

त्याच दिवशी तिथल्या तिसऱ्या युनिटच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली होती, सर, आणि ती विझवायला दोन तास लागले. भट्टी टिकली, पण आग विझवायची व्यवस्था ढासळली. शाळा_औसा बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे.

भूकंपाच्या तपासणीत एक काम असतं त्याला वॉकडाउन म्हणतात. जाणकार माणसं केंद्रात पायी फिरतात आणि नुसती बघतात. हे पॅनल जमिनीला बोल्टनं पकडलंय का, का एक बोल्ट काढून परत लावलाच नाही? वर टांगलेला दिवा खालच्या व्हॉल्व्हवर पडेल का? बॅटऱ्या रॅकमध्ये आवळलेल्या आहेत का? ही भिंत विटांची आहे, ती कोसळली तर मागच्या केबली तुटतील का? या तपासणीला डोळे लागतात आणि चिवटपणा लागतो. बाई, तुमच्या भागातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. किल्लारीत माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली.

एक्सरे_बीड

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. आमचा आणि अणुवीज केंद्रांचा नियामक एकच, अणुऊर्जा नियामक मंडळ. १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. आम्ही मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन यंत्रणेवर मशीनची नोंदणी करतो, खोलीच्या भिंतीची जाडी दाखवतो, छातीवर किरणोत्साराचा डोस मोजणारा टीएलडी बॅज लावतो. तो बॅज तीन महिन्यांनी वाचायला जातो आणि कुणाला किती डोस बसला ते कळतं.

२०१२ ला कॅगनं या मंडळावर अहवाल दिला होता, तो प्रत्येकानं वाचावा असा आहे. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० मंडळाकडं नोंदलेली होती. बाकीची देखरेखीबाहेर. मंडळाला पुरेसे अधिकार नाहीत, ते ज्यांच्यावर लक्ष ठेवतं त्यांच्यापासून पुरेसं वेगळं नाही, दंडही नाममात्र, असं कॅगनं तेव्हा स्पष्ट लिहिलं. त्यानंतर नोंदणी खूप सुधारली, हे मी या धंद्यात राहून बघितलंय.

पूर्वी मी ज्या खासगी ठिकाणी काम करायचो तिथं बॅज टेबलाच्या खणात असायचे. रीडिंग कायम छान यायचं. मी बॅज लावायला लागलो तर 'तुलाच काय एवढं' असं ऐकावं लागलं. तिथं गरोदर असलेली एक सिस्टर रोज त्याच पॅसेजमधून जायची. मला त्या खणाचा अजून राग येतो.

तपासनीस_वाळूज

एक्सरे_बीड, तुम्ही बॅज लावत राहिलात, बरं केलंत.

तुमच्या पोस्टवरून माझ्या दुसऱ्या मुद्द्याकडं येतो. तारीख कोण ढकलतं. अमेरिकेत ओहायोमध्ये डेव्हिस-बेसी नावाचं केंद्र आहे. भट्टीच्या पात्राच्या झाकणात कंट्रोल रॉडच्या नळ्या जिथून आत जातात तिथं चिरा पडतात, हे तेव्हा इतर केंद्रांतून कळलेलं होतं. नियामकाचं म्हणणं होतं की धोका जास्त असलेल्या केंद्रांनी ३१ डिसेंबर २००१ च्या आत तपासून घ्यावं. डेव्हिस-बेसीच्या कंपनीला इंधन बदलायच्या ठरल्या शटडाउनपर्यंत थांबायचं होतं. मधे कुठं तरी जुळलं आणि फेब्रुवारी २००२ च्या मध्यापर्यंत सवलत मिळाली.

मार्चमध्ये झाकणावरचं साफ केलं तेव्हा दिसलं. चिरेतून बोरिक ॲसिडचं पाणी झिरपत होतं आणि त्यानं १५ सेंटिमीटरहून जाड पोलाद आरपार खाल्लं होतं. खाली उरला होता तो स्टेनलेस स्टीलचा आतला पत्रा, जेमतेम एक सेंटिमीटरचा. वातावरणाच्या दीडशे पटींच्या आसपासचा दाब तेवढ्यावर थोपलेला होता.

खुणा होत्या. झाकणावर बोरॉनचे लालसर थर वर्षानुवर्षं साचत होते. इमारतीतल्या हवेच्या मॉनिटरचे फिल्टर गंजाच्या भुकटीनं तुंबत होते. महिन्यानं बदलायचे फिल्टर दर एक-दोन दिवसांनी बदलायची पाळी आली होती. कुणीतरी रोज तो लाल झालेला फिल्टर हातात घेऊन नवा लावत होता. लाल कशानं झाला हे शोधायचं काम कुणाकडंच नव्हतं. त्या वेळी अपघात झाला नाही. केंद्र दोन वर्षं बंद राहिलं, कंपनीला मोठे दंड बसले. पण वेळेवर तपासलं असतं तर एवढं झालं नसतं.

बॉयलरवाले_मामा

तारखेचं मी सांगतो. आपल्याकडं साखर कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन असतं. पत्रिका छापलेली, पुढाऱ्याची वेळ घेतलेली, मंडप घातलेला. बॉयलर निरीक्षकाची पाहणी, हायड्रॉलिक टेस्ट, हे सगळं त्याच्या आधी व्हायला पाहिजे. पण ऑफ-सीझनचं काम रखडतं, पैसा उशिरा सुटतो, आणि मग शेवटच्या चार दिवसांत सगळं कोंबतात. आधी तारीख ठरते, मग जाडी मोजतात.

एका कारखान्यात मी वॉटर वॉलच्या, म्हणजे बॉयलरच्या भिंतीतल्या पाण्याच्या ट्यूबा मोजल्या. खालच्या बाकाला काही ट्यूबा निम्म्यावर आलेल्या. मी म्हटलं, एवढं पॅनल बदलल्याबिगर पेटवू नका. साहेब म्हणाले, यंदा असूद्या, पुढच्या ऑफ-सीझनला बघू. मी रिपोर्टवर आकडे होते तेच ठेवले. दुसऱ्या दिवशी माझ्या ठेकेदाराला सांगितलं गेलं, दुसरा माणूस पाठवा. दुसरा माणूस आला, त्याला घरी लेकरंबाळं होती, त्यानं सही केली. मी त्याला दोष देणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाच्या सहीवर एवढी मोठी गोष्ट टांगायचीच कशाला? ज्याची भाकरी त्या गेटवर अवलंबून आहे, तो 'थांबवा' म्हणणार कसा?

मिहामात मेलेलेसुद्धा ठेकेदाराचीच माणसं होती ना? जगात सगळीकडं शटडाउन आला की बाहेरची माणसं आत जातात. सगळ्यात जास्त त्यांनाच दिसतं, आणि सगळ्यात कमी त्यांचंच ऐकतात. अणुकेंद्रावर काम करणाऱ्या रोजंदारीच्या पोराला थेट नियामकाला फोन करता यायला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास चालू राहायला पाहिजे. एवढं मिळालं तर बाकीच्या वादात मी पडत नाही.

गोदाकाठ_नांदेड

मामा, याला माझा पूर्ण पाठिंबा. मला अणुऊर्जा हवी आहे, आणि म्हणूनच हे हवं आहे. असं एक प्रकरण दडपलं आणि उघडं पडलं तर लोक सगळ्या केंद्रांवरचा विश्वास काढून घेतील.

शाळा_औसा

फ्रान्सचंही एक लिहिते, कारण ते मला पटलं. २०२१ च्या अखेरीस सिव्हो केंद्राच्या दहा वर्षांच्या मोठ्या तपासणीत अल्ट्रासॉनिकवर एका पाइपाच्या जोडाजवळ चिरा दिसल्या. त्याच घडणीच्या बाकीच्या भट्ट्याही थांबवून बघितल्या. २०२२ चं वर्ष, युरोपात गॅसची टंचाई, वीज महाग, तरीही त्यांनी डझनभर भट्ट्या थांबवल्या. ज्या वेळी थांबवणं सगळ्यात महाग होतं त्याच वेळी थांबवलं. हे मुलांना सांगायला आवडेल.

साईप्रसाद_उदगीर

सर, मला या कामात यायचंय. एनडीटीचं लेव्हल टूचं सर्टिफिकेट करायचं म्हणतोय. पण त्याआधी एक कळत नाही. मिहामाची ती यादी. समजा उद्या तुम्हाला कोऱ्या कागदावर एखाद्या प्लँटची यादी करायला सांगितली, तर तुम्ही सुरुवात कुठून कराल?

तपासनीस_वाळूज

ड्रॉइंग घेऊन लाइनीवर चालण्यापासून. ऑफिसात बसून नाही. आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे लाइनीची वळणं-चढउतार दाखवणारा नकाशा, हातात घ्यायचं, पंपापासून निघायचं आणि शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत पायी जायचं, वर शिडीनं चढून, खाली ट्रेंचमध्ये उतरून. प्रत्येक बाक, टी, रेड्यूसर, ऑरिफिस, कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढचा तुकडा, जिथं जिथं पाणी वळतं किंवा आवळतं, तिथं खूण. ड्रॉइंगवर नाही पण प्रत्यक्षात आहे असं काही सापडलं तर लाल पेन्सिलीनं त्याच जागी उभं राहून मांडायचं. मग दुसऱ्या माणसाला तेच ड्रॉइंग कोरं देऊन, तुझी यादी न दाखवता, परत चालायला लावायचं. दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. एकीत आहे आणि दुसरीत नाही अशी जागा निघतेच. प्रत्येक जागेपुढं शेवटचं मोजमाप आणि त्याची तारीख. तारखेचा रकाना रिकामा असेल तर ती जागा सगळ्यात आधी मोजायची, पुढच्या शटडाउनची वाट न बघता. चालू लाइनीवरही जाडी मोजता येते, गरम पृष्ठभागासाठी वेगळा प्रोब आणि वेगळं जेल मिळतं.

रेडिओग्राफीत, म्हणजे किरणांनी जोडाचा फोटो काढायच्या कामात, यायचं असेल तर आधी नियामक मंडळाचं मान्य प्रशिक्षण कर. इरिडियम-१९२ चा सोर्स हाताळायचा असतो. सर्व्हे मीटर चालू असल्याशिवाय आणि टीएलडी अंगावर असल्याशिवाय कॅमेऱ्याजवळ, म्हणजे सोर्स ठेवलेल्या पेटीजवळ, जायचं नाही, सीनिअर काहीही म्हणो.

परीक्षा झाल्या की वाळूजला ये. एका शेडमध्ये जुन्या काढलेल्या लाइनींचे तुकडे ठेवलेत, त्यांच्यावर हात बसव. सेफ्टी शूज घालून ये, गेटवर चप्पल चालत नाही.